सोमवार-गुरुवारची डबी

ही गोष्ट २००८ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीतली. तेव्हा फोनवर नकाशे नसत. नेमकी जागा शोधायची तर जीपीएसचं वेगळं यंत्र लागे, टीव्हीच्या रिमोटएवढं, पण दुप्पट जाड. मामाकडे असं यंत्र होतं आणि तो ते झोपतानाही उशाशी ठेवतो, अशी मामीची तक्रार होती.

मामा मोजणी खात्यातून नुकताच निवृत्त झाला होता आणि आता शोधक मंडळाचा अध्यक्ष होता. जिओकॅशिंग हा या मंडळींचा छंद. एकाने कुठेतरी डबी लपवायची आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांशाचे आकडे संकेतस्थळावर टाकायचे. बाकीच्यांनी यंत्र घेऊन ती शोधायची, आतल्या चिमुकल्या वहीत सही करायची आणि संकेतस्थळावर तसं कळवायचं. नियम दोनच, पण कडक. डबी होती तिथेच परत ठेवायची, आणि ती नेमकी कुठे होती हे कुणालाही सांगायचं नाही.

"मग कळवायचं तरी काय?" चष्मिसने विचारलं. तो अकरा वर्षांचा आणि त्याची ताई तेराची. दोघं सुट्टीला मामाकडे आली होती.

"सापडली किंवा नाही सापडली, एवढंच," मामा म्हणाला. "पण मोठ्या बागेतली माझी डबी सध्या छळतेय. आज असते, उद्या नसते, परवा पुन्हा असते. कोणीतरी उचलतं आणि परत ठेवतं. कोण, तेही मला ठाऊक आहे. तिथला माळी. डबी सापडत नाही तेव्हा हा बागेत असतोच."

"माळी बागेत नसणार तर काय दवाखान्यात असणार?" मामी आतून म्हणाली.

मामाने ते ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. त्याने उद्यान अधीक्षकांकडे तक्रार केली होती. गुरुवारी सकाळी दहा वाजता त्या स्वतः बागेत येऊन निर्णय देणार होत्या. आज मंगळवार होता.

ताई आणि चष्मिस बागेत गेली, तर चिमणी फाटकाजवळच्या खोलीच्या पायरीवर हाताची घडी घालून बसली होती. चिमणी म्हणजे माळीआजोबांची नात. दहा वर्षांची. तीन दिवसांत तिघांची गट्टी जमली होती.

"खेळायला नाही येत," ती म्हणाली. "आजोबांना काढलं तर ही खोलीही जाणार. ती नोकरीबरोबर मिळालेली आहे."

"त्यांनी घेतली का गं डबी?" चष्मिसने विचारलं. ताईने त्याला कोपर मारलं.

"त्यांना डबी म्हणजे काय तेच कळलेलं नाही. मलाच विचारत होते, कसली डबी, औषधाची का?"

दुपारी ताईने मामाच्या संगणकावरून सहा आठवड्यांच्या नोंदी कागदावर उतरवल्या. 'नाही सापडली' अकरा वेळा. 'सापडली. फार हुशारीने लपवली आहे. होती तिथेच ठेवली' असं सात वेळा. मग चष्मिसने प्रत्येक तारखेपुढे वार लिहिला आणि पेन्सिल चावत बसला.

"ताई, हे बघ. सापडली ती फक्त सोमवारी आणि गुरुवारी दुपारी. इतर दिवशी कुणालाच नाही."

"डबीला सुट्ट्या असतात की काय?"

"आठवड्याला दोनच दिवस कामावर येते. बाबांना सांगायला हवं, अशी नोकरी बघा म्हणून."

कोडं सुटलं नव्हतं, उलट आणखीनच विचित्र झालं होतं. तरीही आपण काहीतरी शोधलंय म्हणून दोघं कागद घेऊन मामाकडे धावली. मामाने तो वाचला आणि मांडीवर थाप मारली.

"शाबास रे पोरांनो. माझे आकडे निलगिरीच्या झाडापाशीचे आहेत, आणि त्या बाजूला माळी पाणी घालतो ते हेच दोन दिवस. डबी तोच आणून ठेवतो आणि तोच नेतो. आता पुरावाच मिळाला." त्याने कागद तक्रारीच्या प्रतीला टाचणीने जोडून टाकला.

ताईने कागद परत घ्यायला हात पुढे केला. "मामा, आम्ही त्यासाठी नव्हतं केलं."

"पण झालं ना," मामा म्हणाला.

बुधवारी सकाळी हे चिमणीला सांगावंच लागलं. ती म्हणाली, "छान. आधी नुसता आळ होता, आता तारखांसकट."

"अजून एक दिवस आहे," ताई म्हणाली. "ज्यांना डबी सापडली त्यांनाच विचारू. परवाची नोंद दातांच्या डॉक्टरीणबाईंची आहे."

दवाखान्यात रिकाम्या खुर्चीवर दिवा झुकलेला होता आणि डॉक्टरीणबाई स्टीलच्या ताटलीत चिमटे मांडत होत्या. प्रश्न ऐकून त्यांनी मान हलवली.

"जागा सांगणार नाही. नियम म्हणजे नियम."

"जागा नका सांगू," ताई म्हणाली. "डबी काढताना तुम्हाला काय झालं, तेवढं सांगा."

"काय व्हायचंय? गुडघे दुखले. आणि मानेवर पाणी पडलं. वर झाडात पक्षी होते, म्हणून मी घरी जाऊन लगेच डोकं धुतलं. आता कोणाचा दात दुखत नसेल तर निघा."

तिघं रस्त्यावर आली.

"पाऊस तर महिनाभर नाही," चष्मिस म्हणाला.

"पक्षी म्हणाल्या ना त्या."

"पण पाणी म्हणाल्या. पक्षी पाणी नाही टाकत. ताई, मला आता काहीच कळेनासं झालंय."

चिमणी चालता चालता थांबली. "आजोबांच्या गाडीची तोटी गळते," ती म्हणाली.

"कुठली गाडी?"

"पाण्याची. दोन चाकांवरची लोखंडी टाकी. सोमवारी आणि गुरुवारी दुपारी ती निलगिरीखाली उभी करतात आणि आजोबा पलीकडे गवतावर जरा आडवे होतात. इतर दिवशी ती दुसरीकडे असते."

तिघंही पळत सुटली. गाडी त्या वेळी बागेच्या दुसऱ्या टोकाला, गुलाबांच्या वाफ्यापाशी होती. चष्मिस पाठीवर झोपून टाकीखाली सरकला. टप्पकन एक थेंब चष्म्यावर पडला.

"आहे," तो खालून म्हणाला. "लोहचुंबकाने चिकटलीय. काढू?"

"हात लावू नकोस," ताई म्हणाली. "आपण काढली तर म्हणतील, माळीआजोबांनीच मुलांकडे दिली. ती मामाच्याच हाताने निघायला हवी."

गुरुवारी दहाला अधीक्षकबाई फाईल घेऊन आल्या. माळीआजोबा गुलाबांच्या वाफ्यापाशी, पाण्याच्या गाडीशेजारी टोपी हातात धरून उभे होते. मामाने तक्रार वाचायला सुरुवात केली, तेवढ्यात ताई पुढे झाली.

"मामा, इथून निलगिरीचं झाड किती लांब?"

मामाने सवयीने यंत्र पाहिलं. "दोनशे बारा मीटर. का?"

"मग या गाडीखाली हात घालून बघ."

मामा कुरकुरत गुडघ्यांवर बसला. हात आत गेला आणि तिथेच थांबला. बाहेर आला तेव्हा मुठीत डबी होती, आणि मामाच्या टकलावर पाण्याचा एक थेंब.

"म्हणजे माळ्यानेच इथे…"

"वही वाच ना," ताई म्हणाली. "पहिली सही कोणाची आहे?"

"माझीच. जुनी वही भरली म्हणून मीच ही नवी घातली होती. मग फिरायला आलेली माणसं दिसली. त्यांना कळू नये म्हणून बुटाची नाडी बांधायला बसल्याचं नाटक केलं, आणि न बघताच हात मागे नेऊन डबी निलगिरीखालच्या दिव्याच्या खांबाला…"

"न बघता?" अधीक्षकबाईंनी विचारलं.

"खांब माझ्या मागेच होता हो."

"त्या दिवशी वार कुठला होता?" चिमणीने विचारलं.

मामाने पहिल्या पानावरची तारीख पाहिली. मग चष्मिसच्या कागदावर बोट फिरवलं. बोट एका ओळीवर थांबलं आणि तो हळूच म्हणाला, "गुरुवार."

पुढची पानं सगळ्यांनी मिळून पाहिली. सात शहाण्या माणसांना डबी गाडीखाली सापडली होती. सातही जणांनी ती इमानदारीने होती तिथेच ठेवली होती, आणि एकानेही कुणाला सांगितलं नव्हतं.

मामा माळीआजोबांसमोर उभा राहिला. "चूक माझी होती," तो म्हणाला. "सगळी माझीच."

माळीआजोबांनी आगपेटीएवढी ती डबी तळहातावर घेऊन न्याहाळली. "तरीच," ते म्हणाले. "हल्ली गाडी जड लागत होती."

आधी अधीक्षकबाई हसल्या, मग सगळेच. फाईल मिटत त्या म्हणाल्या, "ही चौकशी माझ्या कार्यालयाने करायला हवी होती. या तिघांनी केली, आणि आमच्यापेक्षा नीट केली."

माळीआजोबा त्यानंतर नऊ वर्षं कामावर होते आणि निवृत्त होईपर्यंत त्याच खोलीत राहिले. चिमणीची आता स्वतःची रोपवाटिका आहे. चष्मिस शाळेत गणित शिकवतो, आणि त्याचे विद्यार्थी म्हणतात की सर उत्तराआधी वार विचारतात. ताई वकील झाली. डॉक्टरीणबाईंनी दवाखाना बंद केला. डबी कुठे होती ते मात्र त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मामाला जाऊन आता सहा वर्षं झाली. त्याचं टेबल आवरताना मामीला खणात कागदांची एक चळत सापडली. तक्रार मागे घेण्याच्या पत्राचे ते कच्चे मसुदे होते. पहिल्यात 'गैरसमज झाला' असं होतं, ते खोडलं होतं. दुसऱ्यात 'अनवधानाने' होतं, तेही खोडलं होतं. असे अकरा कागद होते. शेवटच्यावर एकच ओळ होती, आणि ती खोडलेली नव्हती: 'मी न बघता एका माणसावर आळ घेतला.'