भुकेलं गवत

त्या सकाळी मुक्कामावरून निघायच्या आधी फिंटनने थर्मासमध्ये चहा भरला आणि ब्रीडाच्या कोटाची बटणं लावून दिली. गेल्या हिवाळ्यात हाच कोट तिला पोटावर घट्ट व्हायचा. आता त्यात तिच्यासारख्या दोघी मावल्या असत्या.

फेब्रुवारीत तिला ताप आला. ताप गेला, पण जाताना तिची भूक घेऊन गेला. अन्न पुढे आलं की ती मान फिरवायची. सगळ्या तपासण्या झाल्या, कशात काही सापडलं नाही. शेवटी म्हाताऱ्या डॉक्टरने फिंटनला बाजूला घेतलं. "रोग नाही रे काही. पण दिवा तेलावर जळतो. पानगळीपर्यंत ती जेवायला लागली नाही, तर…" तेव्हापासून फिंटन तिच्या तोंडात गेलेले चमचे मोजत असे. कालचे चार होते.

मॅलकी आणि डिंपना ही दोघं त्यांच्या लग्नाआधीपासूनची मित्रमंडळी. आपलाच देश एकदा डोळे भरून बघू, असं चौघं तीस वर्षं म्हणत होती. आता मात्र मॅलकीने गाडी दारात आणून उभीच केली. आदल्या दिवशी समुद्रावरचे मोहरचे उंच कडे बघून झाले. खाली समुद्र उकळत होता, पक्षी पायाखालून उडत होते. ब्रीडा बराच वेळ बघत राहिली, "सुंदर आहे," म्हणाली, आणि नंतर सुपाचा वाडगा हलकेच बाजूला सारला.

"काल मी तुझा कोट धरून उभा होतो, माहीत आहे?" गाडीत बसताना मॅलकी म्हणाला. "नाहीतर वाऱ्याने तुला थेट अमेरिकेत नेलं असतं. फुकट."

"तुला न्यायला वारा नाही पुरायचा, मॅलकी. क्रेन लागेल," ब्रीडा म्हणाली. जिभेची धार तेवढी शाबूत होती. फिंटनला त्याचाच आधार वाटे.

डिंपनाने सोडा घालून घरी भाजलेल्या पावाचे चार काप वेगवेगळ्या कागदांत गुंडाळून आणले होते. तिचं आजोळ ह्याच भागातलं. "हे खिशात ठेवा. खायचे नाहीत," ती म्हणाली. "आज आपण दुष्काळातल्या रस्त्यावर जाणार. आजी म्हणायची, तिथे रिकाम्या खिशाने जायचं नाही. तिथे भुकेलं गवत आहे."

"तहानलेलं गवत कुठे आहे? मी तिकडे जातो," मॅलकी म्हणाला.

"तू गप रे! जिथे माणूस उपाशी पडून मेलं, तिथे उगवतं ते. त्यावर पाय पडला की मेलेल्याची भूक आपल्याला लागते. मग हा पाव खायचा, आणि शेवटचा घास खाली ठेवायचा. तो त्यांचा."

ब्रीडाने आपला काप काचेखाली, गाडीच्या पुढच्या फळीवर ठेवून दिला. "मला भूक लागेल म्हणतेस? लागू दे की बाई," ती हसून म्हणाली. फिंटनने आपला काप नीट खिशात ठेवला.

दुपारी बाराच्या सुमाराला त्यांनी गाडी एका जुन्या गढीच्या पडक्या भिंतीपाशी लावली, कुलूप घातलं आणि चालायला सुरुवात केली. बरनचा तो सगळा मुलूखच दगडाचा. राखी कातळ, भेगांमधून निळी फुलं, आणि मधून वर चढणारा हिरवा रस्ता. बटाट्याचं पीक शेतातच कुजलं त्या दुष्काळाच्या सालांत सरकारने उपाशी लोकांकडून मूठभर मक्याच्या पिठावर हा रस्ता बांधून घेतला. तो कुठल्याच गावाला जात नाही. डोंगराच्या खांद्यावर जिथे काम थांबलं, तिथेच तो संपतो.

अर्ध्या वाटेवर समुद्राकडून धुकं आलं. आधी खालची भिंत गेली, मग डोंगर गेला, मग पायाखालच्या दहा पावलांखेरीज काही उरलं नाही. भर दुपार होती, पण उजेड दुधात पाणी घातल्यासारखा झाला होता. तेवढ्यात फिंटनला आवाज आला.

टक्… टक्… टक्…

दगडावर हातोडा पडल्यासारखा. आधी एक. मग दोन. मग पुष्कळ.

"रानबकऱ्या आहेत," मॅलकी म्हणाला. "खूर वाजतात त्यांचे." पण त्याचा आवाज खाली आला होता. त्याने खिशात हात घातला. "डिंपना… माझा पाव मी मघाशीच खाल्ला गं."

"गाढव आहेस," डिंपना पुटपुटली आणि त्याचा हात धरला.

वास आला तो त्यानंतर. पातळ, करपलेल्या पेजेचा. आसपास दोन कोसांत चूल नव्हती.

रस्ता संपत आला होता, आणि ब्रीडा काही पावलं पुढे गेली होती. रस्त्याचा शेवटचा दगड ओलांडून ती उभी होती, आणि तिच्या पायाखालचं गवत बाकीच्या गवतासारखं नव्हतं. फिकट होतं, लांब होतं. वाऱ्याने तिचा कोट फडफडत होता. गवताची एक पात हलत नव्हती.

"ब्रीडा, मागे ये," फिंटन म्हणाला.

ती गुडघ्यांवर बसली. वळून तिने त्याच्याकडे पाहिलं.

"फिंटन… भूक लागली."

चार महिने ज्या शब्दाची त्याने वाट पाहिली, तो शब्द. त्याचं काळीज आनंदाने उडालं आणि तसंच गोठलं. तो आवाज ब्रीडाचाच होता, पण ती भूक एका बाईच्या पोटात मावणारी नव्हती. तिची बोटं गवत उपटत होती. ओठ हिरवे झाले होते.

तो धावला. आपला काप तिच्या हातात दिला, डिंपनाने आपला दिला. "खा गं. खा, माझी बाई…"

ब्रीडाने पाव तोंडाकडे नेला आणि थांबली. तिने डावीकडे बघितलं. तिथे धुकं होतं, दुसरं काही नव्हतं. तिने एक घास मोडला आणि तळहातावर ठेवून तिकडे धरला. कंबरेएवढ्या उंचीवर, लहान मुलापुढे धरावा तसा.

तळहात रिकामा झाला.

फिंटनने खाली बघितलं. घास पडला नव्हता.

तिने दुसरा मोडला, आणखी खाली धरला. तोही गेला. मग उजवीकडे. मग मागे. भूक तिलाच लागली होती, पण ती मोडत होती आणि देत होती. "हळू… हळू रे… सगळ्यांना आहे," ती म्हणत होती.

"तू खा ना, ब्रीडा… तू…" फिंटन रडत होता. ती ऐकत नव्हती. दोन कापांचे इतके घास कसे झाले, ते त्याला पुढेही कधी उमगलं नाही. कधीतरी त्याच्या लक्षात आलं की आपण टोपी काढून हातात घेतली आहे. मॅलकीनेही काढली होती. चर्चमध्ये सुद्धा तो ती काढायला विसरायचा.

अखेर एकच घास उरला.

"तो खाली ठेव," डिंपना कुजबुजली. "तो त्यांचा…"

ब्रीडा वाकली. घास गवतावर ठेवला.

सगळे हातोडे एकदम थांबले. इतकी शांतता फिंटनने आयुष्यात ऐकली नव्हती. मग ब्रीडाचा हात वर आला. तिने उचलला नव्हता तो. मनगटाला धरून कोणीतरी उचलावा, तसा सावकाश आला, आणि बोटांत तोच घास होता.

"मला?" ती म्हणाली. "अरे, पण तुम्ही…"

तिने थोडा वेळ ऐकलं. मग डोळे मिटून तो घास तोंडात घातला आणि पुष्कळ वेळ चावत राहिली. धुक्यातून ऊन आलं तेव्हा गवत साधं हिरवं होतं आणि वाऱ्यावर हलत होतं.

गाडीचं कुलूप तसंच होतं. आत, काचेखाली, ब्रीडाच्या पावाचा कागद व्यवस्थित चौपदरी घडी करून ठेवलेला होता. पाव नव्हता.

त्या संध्याकाळी ब्रीडाने मटणाच्या रश्श्याचे दोन वाडगे संपवले. मॅलकी समोर बसून नुसता बघत राहिला.

ह्या गोष्टीला दोन वर्षं झाली. कोट आता पुन्हा घट्ट होतो. ब्रीडा पोटभर जेवते, मॅलकीला टोमणे मारते, चर्चमध्ये वरच्या पट्टीत गाते. फक्त जेवायला बसताना ती बाकावर किंचित सरकून बसते, डावीकडे थोडी जागा ठेवून.

ती झोपायला गेली की तो टेबल पुसतो. तिच्या डाव्या बाजूला, मेणकापडाच्या काठावर, बोटांच्या चार खुणा असतात. काठाला धरून मूल उभं राहिलं तर त्याची बोटं येतील तिथे. लहानशा, हिरव्या. तो त्या पुसतो आणि कोणाला सांगत नाही.

काल खुणा टेबलाच्या दोन्ही बाजूंना होत्या. त्याच्या स्वतःच्या खुर्चीपाशीसुद्धा.

फिंटनने त्या पुसल्या, फडकं पिळून वाळत घातलं, आणि सकाळच्या पावासाठी पिठाच्या डब्यातून रोजच्यापेक्षा एक मूठ जास्त पीठ काढलं.