काचीगुड्याला उतरलेला पाहुणा

बघायला येणाऱ्या मुलाचा फोटो पाहायचाच नाही, असा त्रिवेणीचा हट्ट होता. आता त्यालाच आणायला ती काचीगुडा स्टेशनवर उभी होती.

“ज्वारीच्या पिठाचं गाठोडं असेल रवीकडे,” आईनं बजावलं होतं. “आणि संध्याकाळी हो की नाही, एकदाचं सांग.”

नाहीच म्हणायचं, हे तिचं ठरलेलं.

गाडी लागली. एक सावळा, उंच तरुण गाठोडं छातीशी धरून समोरच उतरला.

“परभणीहून ना?”

“हो...”

“मी त्रिवेणी. चला.”

तो गोंधळला, पण निघाला. बाहेर येताच मात्र थबकला आणि मान वर करून पांढरे घुमट बघतच राहिला.

“काय देखणं स्टेशन आहे हो...”

त्रिवेणी तिथंच विरघळली. या स्टेशनाचं कौतुक करणारा माणूस तिला परका वाटूच शकत नसे.

“माझे आजोबा इथंच उतरले, पत्र्याची पेटी घेऊन,” समोरच्या हॉटेलात चहा घेताना ती म्हणाली. “आमच्यात साल कुणी सांगत नाही. लग्न, बारसं, सगळं काचीगुड्याला उतरल्याच्या आधी नाहीतर नंतर.”

“मग माझंही आजपासून तसंच...” तो हळूच म्हणाला.

“हौ? इतक्यात?”

“इतक्यातच.”

तिचे कान तापले. संध्याकाळी हो म्हणायचं, तिनं मनाशी ठरवून टाकलं.

तेवढ्यात फोन वाजला. “मी रवी. फलाटावर थांबलोय...”

परभणीच्या गाडीतून निम्मी माणसं ज्वारीचं पीठ घेऊन उतरतात, हे तिला ठाऊक का नव्हतं?

“तुम्ही कोण?”

“कुलदीप. बँकेत लागलोय इथं. मलकपेठला मामांकडे निघालो होतो.” त्यानं मान खाली घातली. “आधी वाटलं, मामांनीच पाठवलंय तुम्हाला. पण मामांना मुलगी नाही, तेव्हा चूक लवकरच कळली. पण तुम्ही आजोबांचं सांगायला लागलात — आणि मला उठवेना.”

राग यायला हवा होता. आला नाही, म्हणूनच तिला रडू फुटलं.

“रवीला घरी न्यायला हवं,” डोळे पुसत ती उठली. “पाहुण्याला असं ताटकळत ठेवत नाहीत.”

“आणि संध्याकाळी?”

“नाही म्हणणार. ते आधीच ठरलं होतं.”

दोन पावलं जाऊन त्रिवेणी वळली.

“उद्या मामींना घेऊन घरी या,” ती म्हणाली. “आज चुकून नेत होते... उद्या बोलावतेय.”