मुठीतले पाच दाणे

सुकेशनीनं मोबाइलवर लावलेली खुनाची गोष्ट मध्येच थांबवली आणि ताटं घ्यायला उठली. ओट्यावर बसलेल्या तिच्या काकांनी, भगवानरावांनी, विचारलं, "किती राहिली?"

"एकच भाग, काका. खुनी कोण, तेवढंच राहिलंय. जेवून ऐकते."

"ऐकून जेव. तेवढ्यासाठी कुणाला ताटकळत ठेवू नये."

इथं ताटकळायला आहे कोण, म्हणत ती हसली. तीस वर्षं शाळेत भूत नसतं म्हणून शिकवणारा मास्तर आज असा का बोलायलाय, असं तिनं शेजारी बसलेल्या भावाकडं बघून विचारलं. भगवानराव हसले नाहीत. भूत नसतं हे मी आजही म्हणतो, म्हणाले. चंद्रभानच्या बाबतीत जे घडलं ते भूत होतं की काय होतं, ते मला ठाऊक नाही. मला फक्त काय घडलं ते ठाऊक आहे. लाइट गेलेलीच होती. दोघं भावंडं जवळ सरकून बसली आणि ते सांगू लागले.

ताडकळसचा चंद्रभान म्हणजे भगवानरावांच्या वर्गातला, एका बाकावरचा. गेल्या मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार होता, अकरा डिसेंबर. रात्री साडेनऊला चंद्रभान परभणीच्या दवाखान्यातून मोटरसायकलवर घरी आला, तो दोन कामांसाठी. एक, डॉक्टरांनी मागितलेली जुन्या रिपोर्टांची फाइल न्यायची. दुसरं, देवापुढं दिवा लावायचा. त्याची बायको कडूबाई आठ दिवसांपासून तिथं दवाखान्यात खाटेवर होती, आणि मागच्या गुरुवारचा दिवा चुकला म्हणून तिच्या जिवाला घोर लागला होता. लेक प्रियांका पुण्याहून आली होती, ती आईजवळ बसली होती.

त्यानं हातपाय धुतले, दिवा लावला. देवघरात कडूबाईची पितळी डबी होती. ती उघडून बघितली. रिकामी होती. ती रिकामी असणार, हे त्याला माहीत होतं.

आता ही डबी कशाची, ते सांगायला हवं. साखरेच्या आजारानं कडूबाईची नजर गेली तेव्हा प्रियांकानं आईबापाला मोबाइलवर गोष्टी लावून दिल्या होत्या. आधी पोथ्या ऐकून झाल्या, मग संतचरित्रं. एक दिवस चुकून खुनाची कादंबरी लागली आणि म्हातारा-म्हातारी तिच्यात अशी गुंतली की चुलीवरचं दूध उतू गेलं. तेव्हापासून नेमच झाला. दिवेलागण झाली की चंद्रभान मोबाइल रिकाम्या पातेल्यात ठेवायचा, म्हणजे आवाज घुमायचा. कडूबाई तुरी निवडत बसायची, बोटांनी चाचपून. सांगणाऱ्याचं एक वाक्य संपलं की ही म्हणायची, "हं." तो जरा थांबला की, "मग?" मोबाइलला हुंकार कशाला देतीस, तो काय ऐकायलाय का, असं चंद्रभान चिडवायचा. ती म्हणायची, गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार द्यावा, ऐको न ऐको.

खुनी कोण, यावर दोघांची पैज लागायची. चंद्रभानला प्रत्येक वेळी नवराच खुनी वाटायचा. "तुमाला नवऱ्यांचं लय ठाऊक," कडूबाई म्हणायची. तिचा संशय गोड बोलणाऱ्यावर. आणि बहुतेक वेळा तिचंच खरं व्हायचं. शेवटी नाव कळलं की ती मान डोलवून एकच वाक्य बोलायची, "मला वाटलंच होतं."

सगळी हयात व्रतं करण्यात गेलेली ती बाई. व्रताची कहाणी ऐकताना मुठीत दाणे धरतात, तसे ती या खुनाच्या गोष्टींनाही धरायची. हळद लावलेले ज्वारीचे पाच दाणे. कादंबरी सुरू झाली की काढायची, रोज ऐकताना मुठीत, एरवी डबीत. कादंबरी संपली की देवापुढं सोडायची आणि सकाळी चिमण्यांना घालायची. खुनाला कसल्या अक्षता, असं चंद्रभान म्हणाला, तर ती म्हणाली होती, "कुणाचा तरी जीव गेलाय ना त्यात. त्याला न्याय मिळेस्तोवर मूठ सोडू नये. अन् दाणे मुठीत हायेत तवर बसल्या जागेवरून उठू नये. माझी माय सांगायची."

दवाखान्यात न्यायच्या दिवशी कादंबरीचा शेवटचा भाग राहिला होता. दाणे तिनं पदराच्या गाठीत बांधून नेले. वॉर्डात मोबाइल मोठ्यानं लावू देत नव्हते, आणि कानात घालायच्या वायरी तिला सोसत नव्हत्या. ती म्हणाली, "एकट्यानं ऐकू नका. घरी गेल्यावर संगंच ऐकू." चंद्रभान बरं म्हणाला.

मंगळवारी डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावलं. किडन्या बसल्यात, म्हणाले. आता आम्ही करण्यासारखं फार नाही.

त्या रात्री व्हरांड्यात त्याला झोप येईना, डोकं चालेना, काय करावं कळेना. त्यानं कानात वायरी घातल्या आणि शेवटचा भाग ऐकून टाकला.

सकाळी खाटेजवळ गेला तर कडूबाई म्हणाली, "ऐकलंत ना? आवाजातच कळायलंय तुमच्या. कोण होता?"

दाणे तिनं गाठीतून काढून मुठीत घेतले होते. मूठ घट्ट होती. चंद्रभानला तिचंच बोलणं आठवलं. मुठीत दाणे हायेत तवर उठू नये. बुडत्या माणसासारखं त्यानं ते धरलं. नाव सांगायचंच नाही. गोष्ट संपली नाही तर ही उठायची नाही, कुठं जायची नाही.

"घरी चल," तो म्हणाला, "मग ऐकू."

तिनं मग दोन दिवस विचारलं नाही. मूठही उघडली नाही. सुई लावायला नर्सनं दुसरा हात घेतला.

तर त्या गुरुवारी रात्री अकराला पाच कमी असताना चंद्रभान फाइल घेऊन परभणीला परत निघाला. थंडी कडाक्याची होती. चंद्र उगवायचा होता. मोबाइलची बॅटरी संपलेली, खिशात तो नुसता दगड होता. गाव मागं पडलं. दोन्ही बाजूंना तूर उभी. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

ओढ्याच्या पुलाआधी खड्डा आहे. तिथं त्यानं गाडी हळू केली. मागची सीट दबली.

टायर बसला असेल, असं त्याला वाटलं. पूल ओलांडून उतरला, दोन्ही टायर दाबून बघितले. हवा ठीक होती. पुन्हा बसला. गाडी जड चालायला लागली.

मग मागून आवाज आला.

"हं."

त्यानं नजर वर केली. आरशात नुसता काळोख. वारा असेल. कानात बसलेला जुना आवाज असेल. त्यानं वेग वाढवला.

"मग?"

अगदी कानामागं. निवांत. तुरी निवडताना विचारायची तसं.

चंद्रभाननं मागं वळून बघितलं नाही. त्याला भीती वाटली, पण तिची नाही. मागं बघितलं आणि सीटवर कुणी असलं, तर मग खाटेवर कोण...

"तू दवाखान्यात हायेस," तो म्हणाला. "पोरीजवळ हायेस."

काही नाही. तूर सळसळली. मैलभर रस्ता मागं पडला.

"मग?"

त्यानं ओठ दाबून धरले. बोलायचं नाही. एक शब्द नाही. रात्रभर विचारलं तरी नाही. उद्या, परवा, वर्षभर... विचारत बसू दे. विचारते तवर तर हाय.

मग श्वास ऐकू आला. वॉर्डात यायचा तोच. आत शिट्टी वाजल्यासारखा. एक. लांब थांबून दुसरा. त्याहून लांब थांबून तिसरा.

आणि ती बोलली. हळू. थकून.

"बसून बसून पाय आखडले हो माझे."

चंद्रभाननं गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. लाइट गेला. सगळीकडं अंधार. तो समोर बघत राहिला.

चाळीस वर्षं व्रताची कहाणी संपल्यावर ती हेच बोलायची. मग तो हात द्यायचा. मग ती उठायची.

श्वास... थांबला. पुन्हा आला.

"प्रियांकाची माय," तो म्हणाला. पुढं बोलवेना. मग बोलला. "कंपाउंडरनं मारलं. तो औषध आणून द्यायचा ना... गोड बोलणारा. त्यानं."

हुंकार आला नाही.

सीट वर आली.

तो किती वेळ तिथं बसला, त्यालाही सांगता येत नाही. तुरीच्या मागं अर्धा चंद्र वर आला तेव्हा त्यानं किक मारली. गाडी हलकी झाली होती. फार हलकी.

दवाखान्याच्या जिन्यातच प्रियांका भेटली. भिंतीला टेकून उभी होती. फोन लागेना तुमचा, बाबा, म्हणाली. मग तिनं सांगितलं. दोन दिवस आई बोलली नव्हती. पावणेबाराला तिनं एकदम डोळे उघडले. छताकडं तोंड करून मान डोलवली. आणि हसून म्हणाली, "मला वाटलंच होतं."

मग मूठ उघडली आणि गेली.

मूठ रिकामी होती. चादर झटकून बघितली, गादी उचलून बघितली, खाटेखाली मोबाइलचा उजेड पाडून बघितलं. दाणे कुठंच नव्हते.

चंद्रभान आता गोष्टी ऐकत नाही. पातेलं पालथं पडलंय. भगवानराव भेटायला गेले की तो एकच विचारतो, "मास्तर, मी बोललो नसतो तर?" देवाची मर्जी होती, ती सुटली, समाधानानं गेली, सगळं सांगून झालं. तो ऐकून घेतो. आणि परत तेच विचारतो. हुंकार दिल्यासारखं भगवानरावांच्या तोंडून फक्त "हं" निघतं.

इथं भगवानराव थांबले. सुकेशनीच्या हातातला मोबाइल कधीचा विझला होता. मग त्यांनीच पुढचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला मी दवाखान्यात पोहोचलो. चंद्रभानची गाडी बाहेर उघड्यावर उभी होती. रात्रभर दव पडलेलं. टाकीवरून पाणी ओघळत होतं, सीट ओलीचिंब होती. बसायला जागा करावी म्हणून मी रुमाल काढला...

मागच्या सीटवर हळद लावलेले ज्वारीचे पाच दाणे होते.

कोरडे.