जळगाव जामोद, फलाट दोन

हसायचं तर हसा. शैलजाताई हसत नाहीत. घडलं ते त्यांच्याच समोर.

२०१९ चा मे महिना. नांदुरा. खासगी गाड्यांच्या थांब्यावरची चौकशीची खोली. भर दुपार, तीन वाजून दहा मिनिटं.

त्यांचे यजमान भालचंद्र तिथेच गाड्या पुकारायचे. जाण्याआधी त्यांनी एकेक शब्द आपल्या आवाजात भरून ठेवला, अन् पायथन या संगणकाच्या भाषेत छोटी स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्टच्या नावापुढे आधी गाव टाइप करायचं, मग फलाट. त्याच क्रमानं स्पीकर बोलायचा.

python3 hak.py मलकापूर 1

"मलकापूर... फलाट एक."

माणूस जाऊन दोन वर्षं झाली होती. खुर्चीवर आता ताई बसायच्या. आवाज रोज कामावर यायचा.

उद्या नवं यंत्र येणार होतं. हा संगणक पुसला जाणार होता.

"म्याडम, उद्यापासून साहेब मुके," शिपाई उकंडराव बोलून गेला. मग स्वतःच ओशाळला. "चहा आनतो."

खोलीत ताई एकट्या.

आपल्या पाळीतली शेवटची गाडी पुकारायची होती. डोळे भरलेले, बोटं घाईत.

python3 hak.py जळगाव जामोद 2

नेहमीची चूक. दोन शब्दांचं गाव अवतरणचिन्हांत घालावं लागतं. नाहीतर स्क्रिप्ट 'जळगाव'ला गाव समजते, 'जामोद'ला फलाट, अन् पडद्यावर चूक दाखवून थांबते.

चूक दाखवली नाही.

स्पीकर खरखरला...

"अवं, अवतरण घातलं नाई तू."

हे ते घरी म्हणायचे. शिकवताना. भरून कधीच ठेवलं नव्हतं.

ताईंनी भरलेल्या आवाजांचा फोल्डर उघडला. गावं. आकडे. बस्स.

दारात चहा हिंदकळला. "साहेब... कोनाशी बोलून राह्यले?"

म्हणजे उकंडरावनंही ऐकलं होतं.

ताईंनी वरच्या बाणाची कळ दाबली. ती दाबली की आधी टाइप केलेली ओळ परत येते.

आली...

python3 hak.py "भालचंद्र शैलजा" 2

ही ओळ त्यांनी टाइप केली नव्हती.

अवतरणात घातलं की दोन शब्द एकच होतात. मग सुटत नाहीत. हेही त्यांनीच शिकवलेलं.

संगणक पुसू दिला नाही. ताईंनी मागून घेऊन घरी आणला. बंद करून पुन्हा चालू केला, तरी ओळ तशीच आहे. एन्टर दाबलेलं नाही.

रोज तीनला त्या समोर बसतात. बोट कळीपाशी नेतात... मागे घेतात.

"आज नको हो."

परवा उत्तर आलं.

"थांबतो."

स्पीकर तर त्यांनी कधीचाच काढून ठेवलाय.