दोन श्वासांचा फ्रीज

“आई, कितीही घाई असू दे, बर्फाला सुरी लावायची नाही.”

गेल्या उन्हाळ्याच्या लाटेत गेलेल्या लेकाचं, सतीशचं हे बोलणं शालनबाईंना रोज आठवायचं. पूजा आटोपून त्या फ्रीजपाशी बसल्या की हमखास.

फ्रीज सतीशच्या बिअरचा. एकादशी-चतुर्थी पाळणाऱ्या शालनबाईंनी त्याला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. आता त्याच्याच जिवावर त्या आणि नात ओवी तगून होत्या.

वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर हल्ली उन्हाळ्यात ‘ओली लाट’ यायची. हवा इतकी दमट, की घाम सुकतच नाही. आणि घाम सुकला नाही की अंगातली उष्णता अंगातच कोंडते. धडधाकट माणूससुद्धा सावलीत बसल्या बसल्या जातो. बरीच बिऱ्हाडं घाटावर निघून गेली होती. उरलेल्यांसाठी तोड काढली ती शेजारच्या नेनेभाऊंनी, हवामानशास्त्रात हयात घालवलेल्या माणसाने. खोली बंद करायची, फ्रीजची तापणारी पाठ भिंतीतून बाहेर काढायची आणि त्याचं दार सताड उघडं ठेवायचं. हवेतली वाफ आतल्या गार नळीवर जाऊन गोठते, खोली कोरडी राहते.

“पण बर्फाचा थर जाड झाला की तोच नळीचं पांघरूण होतो, वहिनी. मग वाफ धरत नाही. गरम पाण्याचं पातेलं आत ठेवून तो सोडवायचा, आणि निघालेलं पाणी झाकून ठेवायचं, म्हणजे त्याची पुन्हा वाफ होत नाही.”

“आणि पाहुणा आला तर?”

“श्वासातूनही वाफ निघते, वहिनी. हा फ्रीज दोन श्वासांचा. तिसरा आला की तिघंही गेले. पाहुण्याला सांगा, दिवाळीत या!”

तेव्हा दोघंही हसले होते.

यंदाची लाट उतरायचं नाव घेईना. एका दुपारी दारावर थाप पडली.

“वहिनी, मी नेने. बर्फ काढताना सुरी लागली हो माझ्या फ्रीजच्या नळीला. गॅस गेला सगळा.”

शालनबाईंचा हात कडीवर गेला. दारी आलेल्याला विन्मुख पाठवायचं नाही, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम. मागे चटईवर ओवी धापा टाकत निजली होती.

“भाऊ, तुम्हीच म्हणाला होतात ना, दोनच...”

“माझा हिशेब चुकलाही असेल! आम्ही हवामानवाले काय चुकत नाही? उघडून तर बघा.”

त्यांनी कडीवरचा हात काढला.

“नाही, भाऊ.”

आवाज नेहमीसारखाच मऊ निघाला, याचंच त्यांना भय वाटलं.

बाहेरून दाराला पाठ टेकल्याचा आवाज आला. मग, “मागे माझं कुणी नाही, वहिनी. तोंडात तुळशीपत्र तरी घालाल?”

“घालीन. शब्द देते.”

पावलं फरफटत शेजारच्या दाराकडे गेली.

वारा फिरून लाट उतरली तेव्हा ओवी उठून खायला मागत होती. हिशेब बरोबर होता की चूक, हे आता कधीच कळणार नव्हतं. शालनबाईंनी तिला पेज वाढली, अंघोळ केली, तुळशीचं एक पान खुडलं आणि अनवाणीच नेन्यांच्या दाराकडे निघाल्या.