बदल क्रमांक चार

मंगळवारी चिखलीहून खामगावला निघालेली एसटी उंद्रीत पंक्चर झाली, तेव्हा रेणुकाने कपाळाला आठ्या घातल्या खऱ्या. पण मग तिला आठवलं, शुक्रवारच्या मुलाखतीसाठी गुणपत्रिकेची झेरॉक्स काढायची राहिलीच आहे. समोरच पाटी होती — 'धम्मदीप कॉम्प्युटर क्लासेस व झेरॉक्स'. ती आत शिरली आणि दारातच थबकली.

अंगणवाडीताई शालूबाई एकेक अक्षर शोधत, मोठ्यानं वाचत टाइप करत होत्या, "चां... गुणाबाईच्या... भाकरीला... पापुद्रा सुटतो..."

चांगुणाबाई म्हणजे रेणुकाची आई! आणि वाक्य रेणुकाचं. एका मुक्त सॉफ्टवेअरवर, म्हणजे कुणीही वापरावं, बदलावं, वाटावं अशा सॉफ्टवेअरवर, तिने दोन वर्षं खपून मराठी पुस्तिका लिहिली होती आणि सरावाची वाक्यं घरचीच घातली होती. तिने टेबलावरची पुस्तिका उचलली. मुखपृष्ठावर ठसठशीत छापलेलं: लेखक — धम्मदीप इंगळे.

शुक्रवारी पुण्यात मुलाखत होती ती अशाच पुस्तिका लिहिण्याच्या नोकरीसाठी, आणि दाखवायला तिच्याजवळ हे एवढं एकच काम होतं. ही प्रत कुणी पाहिली, तर चोर तीच ठरणार होती.

"हे तुमी लिहिलं?"

"लिहिलं म्हणजे... जमवलं," काउंटरमागचा तरुण हसला. हसू बरं होतं, हे तिच्या रागालाही कबूल करावं लागलं. "नेटवर मोफत होतं, मॅडम."

"मोफत म्हणजे बेवारस हाय काय? पहिलं पान कुठं गेलं?"

"ते बारीक अक्षराचं? कोणी वाचत नाई ते, म्हणून काढून टाकलं."

"त्याच पानावर परवाना होता! छापा, वाटा, पाह्यजे तं इका बी — मी कधी नाई म्हटलं? फक्त लिहिणारीचं नाव ठेवा, ते पान ठेवा, अन् काय बदललं ते लिहा. एवढंच तं मागितलं होतं मी..." तिचा आवाज भरून आला आणि याचाच तिला जास्त राग आला.

धम्मदीपचं हसू मावळलं. "म्हणजे चांगुणाबाई..."

"माही माय हाय. अन् शुक्रवारी पुण्यात नोकरीसाठी हेच काम दाखवाचं हाय मले."

"चुकलं माह्यं. साठ पुस्तिका वाटल्या मी. साठच्या साठ पुस्तिकांत तुमचं नाव अन् ते पान चिकटवतो. गुरुवारी नवी प्रत तुमच्या हातात नसली, तं मले त्या भाकरीचा पापुद्राबी दाखवू नका!"

"भाकरीचं कोणी नाव काढलं?"

"तुमीच. पुस्तिकेत पाच वेळा! साठ माणसं रोज भुकेजून घरी जाऊन राह्यली."

फोन नंबर लिहून देतानाही रेणुका हसली नाही. म्हणजे, दुकानाबाहेर पडेपर्यंत नाही.

बुधवारी त्याचे फोनवर फोन. "पान सातवर तुमी 'जतन करा' लिहिलं. शालूबाई म्हणते, काय जतन करू? 'सेव्ह करा' केलं तं चालंल?"

"चालंल. पण बदलांच्या यादीत लिहा."

"सगळंच लिहा लागते?"

"सगळं. न सांगता केलेला बदल म्हणजे चोरीच."

"बरं," तो हळूच म्हणाला. त्या एका शब्दावर तिने संध्याकाळ घालवली.

गुरुवारी चिखलीच्या स्टँडवर तो आला तो धुळीनं माखलेला, बोटांना वाळलेला डिंक. नव्या प्रतीवर लिहिलं होतं: लेखिका — रेणुका वानखडे. तिचे डोळे भरून आले. पुढचं पान उलटायच्या आत पुण्याची गाडी लागली.

"यादी सावकाश वाचा," तो खिडकीखालून म्हणाला, तिच्याकडे न बघता.

सावकाश कसली! मुलाखतीच्या धास्तीत ती यादी विसरूनच गेली. पुण्यात मुलाखत घेणाऱ्या सारिकाताईंनी मात्र पहिलं तेच पान उघडलं. "वा, वापरणाऱ्यानं बदल नोंदवलेत! पान सात, 'सेव्ह करा'. पान बारा, चित्र मोठं केलं, म्हाताऱ्यांना दिसत नव्हतं. पान वीस, सराव वाढवला." मग त्यांनी चष्म्यावरून रेणुकाकडे पाहिलं. "बदल क्रमांक चार. हा मात्र हाताने लिहिलेला."

आणि त्यांनी तो खुशाल मोठ्यानं वाचला! "'मंगळवारपासून पुस्तिकेत कमी अन् माह्यातच जास्त बदल झाला. न सांगता केलेला बदल म्हणजे चोरी, असं लेखिका म्हणते, म्हणून लिहून ठेवतो. मान्य नसंल तं खोडून टाकावं. — धम्मदीप.'"

रेणुकाचे कान लालबुंद झाले.

"पुस्तिका तुमचीच आहे आणि लोक ती वापरतात, हे या यादीनंच सांगितलं," सारिकाताई हसू दाबत म्हणाल्या. "नोकरी तुमची. काम घरून करा. क्रमांक चारचं मात्र तुमचं तुम्ही बघा."

रविवारी उंद्रीत एसटी पंक्चर झाली नाही, तरी रेणुका उतरली. धम्मदीपसमोर तिने फडक्यात बांधलेल्या भाकरी ठेवल्या, वर ती पुस्तिका.

"खोडलं... काय?" त्याला विचारतानाही घाम फुटला होता.

"वाचता येते ना तुमाले?"

त्याने पान उघडलं. चौथ्या बदलावर एक रेघही नव्हती. खाली तिच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'बदल मान्य. मूळ लेखिकेतही तोच झाला आहे. — रेणुका.'

पुढे तारीखही घातली होती, मंगळवारची.