पूजेत न ठेवलेला लॅपटॉप

ही घटना खरी आहे. ज्याला थाप वाटेल त्याने इथेच वाचणं थांबवावं, वाद घालायची माझी मुळीच इच्छा नाही. माझा मावसभाऊ शंतनु याच्या डोळ्यांसमोर हे घडलं, आणि शंतनु उगाच काहीबाही सांगणाऱ्यांतला नाही.

साल १९९८. बंगळूर. आयुधपूजेचा दिवस.

भर दुपार होती.

शंतनु नागपूरचा, तेव्हा जयनगरातल्या एका छोट्या कंपनीत नोकरीला. तिकडे आयुधपूजेला ज्या वस्तूवर पोट चालतं ती पुजतात. रिक्षा, करवत, कॉम्प्युटर, काहीही. कुंकू लावायचं, फूल वाहायचं आणि दिवसभर तिला कामाला लावायचं नाही. ऑफिसातली सगळी यंत्रं शेवंतीची फुलं डोक्यावर घेऊन गप्प बसली होती. दारात फोडलेल्या कोहळ्याच्या फोडी कुंकवाने लाल झाल्या होत्या.

फक्त एक लॅपटॉप पूजेत नव्हता.

मालकांनी तो मुद्दाम बाहेर ठेवायला लावला होता. दुपारी गिऱ्हाईक येणार होतं.

तो लॅपटॉप हर्षचा.

हर्ष शंतनुच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. चामराजपेटातल्या जुन्या मराठी घरातला मुलगा. मुंबईच्या एका विमा कंपनीला एजंटांसाठी लॅपटॉप हवे होते, विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारे, कुठूनही फोन लावून हेड ऑफिसला माहिती पाठवणारे. त्या काळी लॅपटॉपवर लिनक्स घालायचं म्हणजे आधी एकेक भाग तपासावा लागे. पडदा नीट दिसतो का, आवाज येतो का, फोन लावणारा मोडेम ओळखला जातो का. हर्ष हे जीव ओतून करायचा. एखादा भाग चालला की बोटातल्या अंगठीने झाकणावर दोनदा वाजवायचा.

टक टक.

"सरी," म्हणायचा, म्हणजे कानडीत 'ठीक', आणि पुढच्या भागाकडे वळायचा.

या लॅपटॉपच्या मोडेमपाशी आल्यावर मात्र अंगठी वाजली नाही. हा मोडेम विंडोजशिवाय चालतच नाही, हा माल घेऊ नका, असं तो मालकांच्या केबिनमध्ये जाऊन सांगून आला. मालक विश्वेश्वर यांनी तरीही सगळा लॉट उचलला. वर हर्षलाच कामाला जुंपलं, काहीही करून चालव म्हणून.

कित्येक रात्री तो घरीच गेला नाही. एकदा पहाटे निघाला आणि स्कूटरवरच त्याचा डोळा लागला. समोर ट्रक होता.

तेव्हापासून शंतनुचं डोकं तापलेलंच होतं. त्यात त्या दुपारी विश्वेश्वर त्याच्या टेबलाशी आले.

"विमा कंपनीच्या अलका मॅडम येतायत मुंबईहून. हे मशीन पास कोणी केलं, विचारतील. हर्षने केलं, म्हणून सांग."

"सर, त्याने नाही म्हटलं होतं."

"कोणी ऐकलं? केबिनमध्ये मी आणि तो, दोघंच होतो. गेलेल्या माणसाचं काय बिघडतंय? स्वल्प सांभाळून घे रे. नाहीतर तूही दुसरीकडे काम बघ."

शंतनुच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हर्षचा जीव घेतला तो घेतला, आता नावही खायला निघाले होते. उद्या नीलिमाच्या, म्हणजे हर्षच्या बायकोच्या कानावर काय जाणार? नवऱ्याने काम बिघडवलं आणि मेला.

त्याने तिरमिरीत लॅपटॉप सुरू केला. लिनक्स चालू झालं. मोडेम शोधला... नाही. आवाज तपासला... नाही. फोनची वायर तर टेबलावर गुंडाळून ठेवलेली होती, ती लावलीच नव्हती.

आणि मग...

टक टक.

शंतनुने मान वर केली. खोलीत कोणीही नव्हतं. झाकणावर ठेवलेल्या त्याच्या तळहाताला मात्र ते दोन ठोके जाणवले होते.

तेवढ्यात विश्वेश्वर अलका मॅडमना घेऊन आत आले.

"आमच्या हर्षने तपासलं होतं, मॅडम. सांग ना, शंतनु."

शंतनुने तोंड उघडलं.

त्याच्याआधी लॅपटॉपच बोलला.

फोनचे आकडे दाबल्याचे आवाज... एकामागून एक. मग मोडेमची ती खरखरीत किंचाळी. जो मोडेम लिनक्सला सापडतच नव्हता, तो कोणाला तरी फोन लावत होता.

केबिनमधला फोन वाजला.

विश्वेश्वर चरफडत गेले आणि त्यांनी स्पीकरचं बटण दाबलं.

"सर, हा माल घेऊ नका. याचा मोडेम लिनक्सवर चालणार नाही."

हर्षचा आवाज...

पाठोपाठ दुसरा आवाज. तो विश्वेश्वरांचाच होता.

"मी घेतोय. तू चालवून दाखव. नाही चाललं तर तुझ्या माथी मारीन."

विश्वेश्वरांनी फोन बंद केला. आवाज थांबला नाही. त्यांनी भिंतीतून वायर उपटली.

"तुझ्या माथी मारीन... तुझ्या माथी मारीन..."

"कोण बोलतंय हे?" अलका मॅडम पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"पहिला आवाज हर्षचा, दुसरा यांचा," शंतनु ओरडला. भीती होतीच, पण राग तिच्याहून मोठा होता. "हर्षने नाही म्हटलं होतं, मॅडम! यांना ठाऊक होतं!"

टक टक.

"सरी," फोनमधून आलं.

मग सगळं शांत झालं.

अलका मॅडम त्याच पावली निघून गेल्या. विश्वेश्वर केबिनमधल्या खुर्चीत बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. शंतनुने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि लॅपटॉपच्या पोटातली मोडेमची खोबण उघडली.

ती रिकामी होती. मोडेमच नव्हता आत.

संध्याकाळी तो चामराजपेटला गेला. नीलिमाने हर्षची हत्यारं पूजेला मांडली होती. पक्कड, कावीळ झाल्यासारखा पिवळा पडलेला टेस्टर, त्याची अंगठी. आणि त्यांच्यामध्ये एक छोटं हिरवं कार्ड, कुंकू लावलेलं.

मोडेम.

"हे कुठून आलं, वहिनी?"

"त्यांच्या खिशात होतं, अण्णा. त्या पहाटेचं. घरी आणून पुन्हा बघणार होते वाटतं." तिने बोट पुढे केलं. टोकाला फोड आला होता. "दुपारी फूल सरळ करायला गेले तर चटका बसला. त्याला वायर नाही, काही नाही."

शंतनुने कार्ड हातात घेतलं. ते अजून कोमट होतं.

त्याने ती नोकरी दुसऱ्याच दिवशी सोडली. कंपनीही पुढे बंद पडली. नीलिमा मात्र दर आयुधपूजेला ते कार्ड पूजेत ठेवते आणि दुपार झाली की शंतनुला फोन करते. परवा तिचा फोन आला तेव्हा मी त्याच्या शेजारीच बसलो होतो.

"आजही तापलंय, अण्णा," ती म्हणाली. "सगळं तर झालं ना? मग यांचा राग अजून कोणावर आहे हो?"